नळीत फुंकल्यानंतरचे दोन तास

धुळवड, पोळ्याची कर, ३१ डिसेंबर. असे दिवस आले की अकोल्यात अशोक वाटिका चौकापासून बाळापूर नाक्यापर्यंत कुठेही गाडी बाजूला घ्यायला लावतात, लायसन मागतात आणि तोंडासमोर नळी धरतात. पुढे काय होते, याबद्दल बहुतेकांना चार मित्रांकडून ऐकलेले तेवढेच माहीत असते. त्यातला सगळ्यात घातक सल्ला म्हणजे “फुंकूच नको, मग केस उभी राहत नाही.” सुरुवात तिथूनच करतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०३ प्रमाणे चालकाने दारू घेतल्याचा रास्त संशय असेल, तर गणवेशातला पोलीस किंवा आरटीओचा अधिकारी त्याला श्वासचाचणी द्यायला सांगू शकतो. नकार दिला तर विनावॉरंट अटक करता येते आणि डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घेता येतो. शिवाय कलम २०५ मुळे तो नकारच खटल्यात सरकारी पुराव्याला बळ देणारा ठरू शकतो. नकाराला सबळ कारण होते, हे दाखवण्याची जबाबदारी मग तुमच्यावर येते. म्हणून फुंकावे, पण डोळे उघडे ठेवून.

नळी नवी मागा. फुंकण्याआधी यंत्रावर शून्य दिसते का, ते पाहा. छापील पावतीवरचे नाव, तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय सही करू नका. खोकल्याचे औषध किंवा माउथवॉश नुकतेच घेतले असेल तर तिथल्या तिथे सांगा आणि थोडे थांबून पुन्हा चाचणी मागा. तोंडात राहिलेला अल्कोहोलचा अंश साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. अटक झाली, तर ठाण्यात पुन्हा श्वासचाचणीची संधी देणे हे कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे. ही संधी फारसे कोणी मागत नाही.

गुन्हा ठरतो तो आकड्यावर. कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंडाच्या या रकमा २०१९ च्या दुरुस्तीने आल्या. हा गुन्हा तडजोडीचा नाही, त्यामुळे चौकात पैसे भरून तो कायदेशीरपणे मिटत नाही. कोर्टात जावेच लागते.

आता ते दोन तास. कलम १८५ खाली अटक झाली, की दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाही तर कोठडीतून सोडावे लागते, असे कलम २०२ सांगते. यामागे शरीराचे गणित आहे. रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, आणि नुकतीच घेतलेली असेल तर आधी चढते. उशिरा घेतलेल्या रक्तावरून गाडी चालवतानाचे प्रमाण नेमके सांगता येत नाही. म्हणून अटकेची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ, या दोन नोंदी बचावाचा वकील सगळ्यात आधी शोधतो.

ठाण्यात अटकेचे कारण सांगणे, घरच्या माणसाला कळवणे आणि वकिलाला भेटू देणे हे तुमचे हक्क आहेत. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली चालते. नुसते कलम १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. वैद्यकीय अहवालाची प्रत मागून घ्या. महिला चालकाचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर दुसरी महिला हजर असलीच पाहिजे.

रक्त कसे घ्यायचे, याचे बारकावे महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांत आहेत, आणि खटले बऱ्याचदा इथेच जिंकले-हरले जातात. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, स्पिरिटचा बोळा लावायचा नाही. कुपीत रक्त गोठू न देणारे आणि टिकवणारे औषध हवे, बूच लाखेने मोहोरबंद हवे, आणि नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. अकोल्यात रक्त सर्वोपचार रुग्णालयात घेतले आणि तपासले अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत, तर मधला प्रवास कागदावर दिसला पाहिजे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. टिकवणारे औषध कमी पडले आणि नमुना उन्हात पडून राहिला, तर रक्तातली साखर आंबून कुपीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. कुपी कोणी, कधी, कुठे ठेवली, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

बच्चूभाई करयाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितले, की तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून, रक्त-लघवीची तपासणी नसताना, माणूस नशेत होता असे धरता येत नाही. सलमान खानच्या २००२ च्या वांद्रे अपघात खटल्यात १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, त्यातही रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवर बोट ठेवले होते. याची काळी बाजू मे २०२४ च्या पुणे पोर्शे प्रकरणात पुढे आली. तिथे नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. प्रक्रियेतली खरी चूक दाखवणे हा बचाव आहे, पुरावा बदलणे हा नवा गुन्हा आहे. ही रेघ वकिलानेही पुसू नये, असे मला कळकळीने वाटते. समोर गेलेल्या जीवाचे आईबापही त्याच कोर्टात बसलेले असतात.

जीव गेला असेल तर मामला कलम १८५ वर थांबत नाही. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये सात मजुरांचा बळी घेणाऱ्या चालकाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. विम्याचेही तसेच. श्वासचाचणी झाली नसली, तरी इतर परिस्थितीवरून नशा सिद्ध करून कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, असे त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे.

तारखेच्या दिवशी “कबूल आहे साहेब” म्हणून दहा हजार भरून मोकळे होण्याकडे अनेकांचा कल असतो. कलम २० नुसार दोषी ठरताच लायसन किमान सहा महिने बंद होते, हे तेव्हा कोणी सांगत नाही. काळीपिवळी किंवा टिप्पर चालवून घर चालवणाऱ्यासाठी ते सहा महिने दंडापेक्षा जड आहेत. कबुलीआधी पावती, वेळा आणि प्रयोगशाळेचा अहवाल वकिलाला दाखवा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.