शेवटच्या कडव्यातले नाव

द्वारकेच्या चौकात उभे राहून नाशिकरोडच्या शेअर रिक्षाची वाट पाहणे ही आम्हा नाशिककरांची रोजची साधना आहे. मुंबई-आग्रा रस्त्याला इथे पुण्याचा रस्ता फुटतो. डोक्यावरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी काही हटली नाही. परवा अशाच एका रिक्षात अंग चोरून बसलो. चालकाने मोबाइलवर गाणे लावले होते. ढोलकीच्या जागी यंत्राचा ठोका होता, पण चाल ओळखीची होती आणि शब्दही. मी नकळत गुणगुणू लागलो. शेजारच्या कॉलेजच्या पोराने विचारले, "काका, हे गाणं कुणाचं?" मी तोंड उघडणार तोच चालक म्हणाला, "कुणाचं नाही हो, जुनं लोकगीत आहे." आणि शेवटचे कडवे येण्याआधीच त्याने बोटाने पुढचे गाणे लावले.

उपनगर येईपर्यंत मी गप्प बसलो. त्या चालकाला चूक म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. हेच वाक्य चाळीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि तेही माइकवरून. ती हकीकत पुढे सांगेनच. आधी गाण्याच्या धन्याविषयी सांगतो.

त्यांचे नाव वामनदादा कर्डक. द्वारकेहून निघालेला हाच पुणे रस्ता नाशिकरोड ओलांडून सिन्नरला जातो. त्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हा माणूस बरोबर पंचवीस वर्षांचा झाला होता. लहानपणी शाळा नशिबी नव्हती. पोट भरण्यासाठी ते आईबरोबर मुंबईला गेले आणि पडेल ते काम करत राहिले. गिरणीत खपले, कोळसा उचलला, फेरीवर किरकोळ जिन्नस विकले. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहत असताना कुणीतरी एक पत्र पुढे केले आणि वाचून दाखवायला सांगितले. अंगापिंडाने चांगल्या तरण्या माणसाला वाचता येत नसेल, असे त्या बिचाऱ्याला वाटलेच नसावे. वामनदादांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढचा अभ्यास रस्त्यावरच झाला. दुकानांच्या पाट्या हेच त्यांचे क्रमिक पुस्तक होते.

त्यांनी पहिले गाणे लिहिले ते ३ मे १९४३ रोजी, राणीच्या बागेत बसून. एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेले ते विडंबन होते. भोवतालचे लोक हसले, खूश झाले, आणि गिरणी कामगाराला आपल्या हातातल्या हत्याराचा पत्ता लागला.

हे हत्यार काही आकाशातून पडले नव्हते. आमच्या नाशिक जिल्ह्याची त्याला आधीच मशागत होती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा देशवंडीचा वामन सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. या सगळ्या काळात खेडोपाडी ही चळवळ पोचवली ती जलशांनी. तमाशाचाच साज, तीच ढोलकी, तेच तुणतुणे. पण गणगौळणीची जागा नव्या विचाराने घेतलेली. या जलशांचे एक बिनीचे शिलेदार भीमराव कर्डक हेही नाशिक जिल्ह्याचेच. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगतात, ते या भीमरावांच्या जलशाबद्दल. आडनाव एक असल्यामुळे तो गौरव पुष्कळदा वामनदादांच्या खात्यावर जमा होतो. वामनदादांना असा उसना दागिना घालण्याची गरज नाही. त्यांचे स्वतःचे सोने पुरेसे आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. लाखो घरांतून जुने देव उठले होते. देवांबरोबर त्यांची गाणीही उठली होती. पण बारसे, लग्न, जयंती, शोक हे प्रसंग तर होतेच, आणि गाण्यावाचून हे प्रसंग आपल्याकडे होतच नाहीत. ती मोठी पोकळी ज्यांनी भरून काढली, त्यांत वामनदादांचा वाटा फार मोठा. गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. हार्मोनियम, बेंजो, ढोलकी घेऊन रात्ररात्र कव्वालीचे सामने रंगू लागले. वामनदादा गावोगाव हिंडत, लिहीत, गात, आणि लिहिलेले दुसऱ्यांना गायला देऊन टाकत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या नामवंत गायकांनी त्यांची गाणी घराघरांत नेली.

ही गाणी नुसत्या जयजयकाराची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन 'आमचा हिस्सा कुठे आहे' असे रोखठोक विचारणारे त्यांचे गाणे आजही सभांतून ऐकू येते. बाबासाहेबांच्या अनुयायांना आरसा दाखवणारे एक गाणे तर इतके कडू आहे की, ते ऐकताना पुढाऱ्यांनी मान खाली घालावी. ज्यांच्यासाठी गायचे त्यांनाच खडसवायचे, याला धाडस लागते. शिवाय रचना अशी की गझलेसारखी एकाच शब्दाशी परत येणारी, यमकाने घट्ट बांधलेली. एकदा ऐकले की दुसऱ्या कडव्याचा शेवट ऐकणाऱ्यानेच म्हणावा. ज्याला स्वतःला कधी काळी वाचता येत नव्हते, त्याला न वाचणाऱ्याच्या डोक्यात गाणे कसे रोवायचे हे नेमके ठाऊक होते.

माझ्या मुलाला गिटारचा नाद आहे. त्याने एकदा मला वुडी गथ्री नावाच्या अमेरिकन गायकाची गाणी ऐकवली. १९३०च्या दशकात तिकडच्या मैदानी मुलखात धुळीची वादळे उठली, शेती बुडाली, माणसे घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे निघाली. ओक्लाहोमाच्या या गथ्रीने त्यांची गाणी बांधली. चाली बऱ्याचदा जुन्या, लोकांच्या ओठांवरच्या, शब्द त्याचे. १९४० मध्ये व्हिक्टर कंपनीने 'डस्ट बोल बॅलड्स' या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. लोकसंगीताच्या इतिहासात त्या संचाला आज मैलाचा दगड मानतात. मुलगा कौतुकाने सांगत होता आणि मी मनात हिशेब करत होतो. त्यानंतर तीनच वर्षांनी आमचा एक गिरणी कामगार राणीच्या बागेत उसन्या चालीवर शब्द बसवत होता. त्याच्याही गाण्यांत स्थलांतर होते, भूक होती, हक्काची मागणी होती. गथ्रीची गाणी तबकडीवर गेली आणि तबकडीवर त्याचे नाव छापले गेले. वामनदादांचा पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' छापून आला १९७३ साली. पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी! पुढे १९७६ मध्ये 'मोहोळ' आणि १९७७ मध्ये 'हे गीत वामनाचे' आले. त्या तीस वर्षांत गाणी राहिली कुठे? माणसांच्या तोंडात. आणि माझ्या आजीच्या वहीत.

आता माझी हकीकत. आजी सिन्नरकडची, अक्षरशत्रू. द्वारकेपासून चालत जाता येईल अशा वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर होते. जयंतीच्या कार्यक्रमाला ती मांडी घालून अगदी पुढे बसे आणि घरी आली की पाठ झालेले गाणे मला सांगे. मी चौथीत असल्यापासून ते वहीत उतरवून घेई. स्वतः वाचू न शकणाऱ्या बाईने हौसेने जमवलेली ती वही होती. बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव यायचे. एकदा मी विचारले, "आजी, हा वामन कोण?" तिने पुणे रस्त्याच्या दिशेने हात केला. "आपल्याच वाटंवरचा हाय."

१९८४ साली मी कॉलेजात होतो. स्नेहसंमेलनात गाण्याची स्पर्धा होती. मी आजीच्या वहीतले एक गाणे निवडले. चाल इतकी गोड की बक्षीस हमखास. फक्त शेवटच्या कडव्यापाशी मी अडखळलो. तिथे कवीचे नाव होते आणि त्याला लागूनच बाबासाहेबांचे. ती दोन नावे उच्चारली असती तर मी कुठून आलो आहे, ते सगळ्या सभागृहाला कळले असते. वर्गातल्या मित्रांनी मला तोवर कधी माझी वस्ती विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती. मी ते कडवे गाळले. निवेदकाने कवीचे नाव विचारले, तेव्हा माइक हातात घेऊन म्हणालो, "पारंपरिक लोकगीत आहे. कुणाचं ते माहीत नाही."

टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीस मिळाले, स्टीलचा पेला. तो घेऊन घरी आलो आणि आजीपुढे ठेवला. तिने गाणे म्हणून दाखवायला लावले. मी सवयीने, सभागृहात म्हटले तसेच म्हटले आणि थांबलो. ती वाट पाहत राहिली.

"म्होरलं कडवं?"

मी काही बोललो नाही. तिला सगळे कळले. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने पेला उचलून फळीवर ठेवला आणि वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "पयल्या पानापासनं समदी गाणी काढ. निस्ती शेवटची कडवी वाच."

मी वाचत गेलो. पान उलटायचे आणि शेवटचे कडवे वाचायचे. वामन, वामन, वामन. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. अर्ध्या तासाने माझा आवाज फुटेनासा झाला, तेव्हा ती म्हणाली, "त्येच्यापाशी ना शेत, ना मळा. ह्या येका वळीवर त्येचं नाव हाय. सातबाराच समज. आन् तू त्योच फाडून आलास."

तिने सातबारा कधी वाचला नव्हता. पण गावची जमीन कशी जाते, हे तिने पाहिले होते. कागदावरचे एक नाव गळले की पिढ्यांचे शेत दुसऱ्याचे होते. गाण्याचेही तसेच आहे. आपल्या संतांना हे माहीत होते. म्हणूनच तुकोबांनी, नामदेवांनी, चोखोबांनी अभंगाच्या शेवटी नाव ओवले. चोखोबांचे नाव अभंगात नसते तर त्यांचे अभंग आज कुणाच्या खात्यावर असते, याचा विचार करून पाहावा. 'लोकगीत' हा शब्द आपण फार कौतुकाने वापरतो, पण कधी कधी तो नाव पुसण्याचे सोयीचे फडके असतो. ज्याचे नाव घ्यायला अवघड वाटते त्याची चीज लोकांची म्हणून वापरायची, म्हणजे देणे उरत नाही. दुसऱ्या कुणी हे केले असते तर मी तावातावाने बोललो असतो. पण हे मी केले होते, आणि ज्या माणसाने माझ्याच माणसांसाठी जन्म वेचला, त्याच्याशी केले होते.

वामनदादांना मान मिळाला नाही असे नाही. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९६ मध्ये त्यांचे आत्मकथन 'माझ्या जीवनाचं गाणं' प्रसिद्ध झाले. १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. पण त्यांचा खरा संग्रह अजून कुणाच्या कपाटात पूर्ण मावलेला नाही. तो वस्त्यावस्त्यांत, आज्यांच्या वह्यांत, रिक्षांच्या स्पीकरवर विखुरलेला आहे. इतक्या मोठ्या संग्रहाला मुखपृष्ठ नाही. त्यावर कवीचे नाव आहे ते एकाच ठिकाणी, शेवटच्या कडव्यात.

नाशिकरोड आले. तो पोरगा आणि मी बरोबरच उतरलो. पैसे देताना मी चालकाला म्हणालो, "दादा, मघाचं ते गाणं लोकगीत नाही. देशवंडीच्या वामनदादा कर्डकांचं आहे. शेवटचं कडवं ऐका, त्यात नाव आहे."

तो सुटे पैसे मोजता मोजता थांबला. "देशवंडी? सिन्नरची? माझी सासुरवाडी तिकडंच की हो."

त्याने मोबाइल काढला, गाणे पुन्हा लावले आणि बोटाने सरकवत शेवटापाशी आणले. पोरगाही वाकून ऐकू लागला. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तरी नाव तिघांनाही स्वच्छ ऐकू आले.

आजीची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर, त्या रात्री गाळलेले कडवे मी पुन्हा लिहून ठेवले आहे. फळीवरचा पेला मात्र आम्ही कधीच वापरला नाही.