युनियनचं नाव काढलं तर?

वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंग करणारी मैत्रीण परवा सांगत होती, "युनियनचं नाव काढलं, की कंत्राटदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको."

घटनेचं कलम १९ संघटना बांधायचा हक्क देतं. पण हिला कामावर घेतो कंत्राटदार. मालकाच्या हजेरीपटावर तिचं नावच नाही! मग हक्क मागायचा कुणाकडे?

अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमाल लढले, तेव्हा १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालक-हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे, मजुरीही मंडळामार्फत. काही मालकांना ही सक्ती वाटते. मला तर तोच आधार वाटतो.

"आमचं मंडळ कुठंय हो, ताई?" तिने विचारलं. तूर्तास तिला रोजची हजेरी स्वतःच्या वहीत लिहायला सांगितलंय.