पॉइंटवरचा बिझनेस क्लास: भोर-वेल्ह्यातल्या घरांसाठी गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोरहून कापूरहोळला किंवा वेल्ह्याहून चेलाडी फाट्याला आलं की पुणे-सातारा महामार्ग लागतो. याच रस्त्यानं तालुक्यातली मुलं आधी कात्रज-धनकवडीच्या खोल्यांत गेली, मग हिंजवडीच्या कंपन्यांत, आणि तिथून काही जण न्यू जर्सी, टेक्सास, लंडन, म्युनिकपर्यंत पोचले. मागे राहिलेले आई-वडील आता साठी-सत्तरीत आहेत. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण आलं की त्यांना बोलावणं येतं. मुंबईहून न्यूयॉर्क सलग गाठायचं तर सोळा तासांच्या आसपास बसून राहायचं, तेही आयुष्यभर भाताच्या चिखलात वाकून झिजलेल्या गुडघ्यांनी. मग मुलगा फोनवर म्हणतो, "आई, या वेळी तुम्हा दोघांना बिझनेसनं आणतो, माझ्याकडे पॉइंट आहेत."

हे खरंच होऊ शकतं. अधिक घरांत व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण पॉइंटांबद्दलच्या ऐकीव गोष्टींमुळे कित्येकदा पॉइंट वाया जातात आणि आई-वडील शेवटी इकॉनॉमीच्या मधल्या सीटवरच बसतात. म्हणून हा हिशेब नीट मांडतो.

"पॉइंटवर तिकीट म्हणजे फुकट"

अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी प्रवासाबद्दल पॉइंट देणारी आपली अॅडव्हांटेज योजना सुरू केली आणि पुढे जगभरच्या कंपन्यांनी तीच वाट धरली. त्यामागचा विचार साधा होता. जे आसन रिकामं जाण्याची शक्यता आहे ते नेहमीच्या प्रवाशाला द्यायचं आणि त्याला आपल्याशी बांधून ठेवायचं. म्हणजे पॉइंटानं तिकिटाचं मूळ भाडं फिटतं. विमानतळाचे कर, सरकारी कर आणि काही कंपन्यांचा इंधन किंवा वाहक अधिभार रोखीनंच भरावा लागतो. हा अधिभार बिझनेस क्लासला मोठा असू शकतो. ब्रिटिश एअरवेज आणि लुफ्तान्सा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. उलट युनायटेडच्या योजनेत तो लावत नाहीत, आणि एअर कॅनडाच्या एअरोप्लाननं नोव्हेंबर २०२० मध्ये तो काढून टाकला. तेच विमान, तेच आसन, पण कोणत्या योजनेतून घेतलं त्यावर खिशातून जाणारी रक्कम ठरते.

लंडनला राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवासावर तिथलं सरकार हवाई प्रवास कर घेतं. लांबच्या पल्ल्याला वरच्या वर्गासाठी तो माणशी दोनशे पौंडांच्या वर जातो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे, पण फक्त सर्वांत खालच्या वर्गात. दोन मुलांना घेऊन दिवाळीला भोरला यायचं असेल, तर मुलांना बिझनेसमध्ये बसवल्याबरोबर ही माफी जाते. परत जाताना हा कर लागत नाही. त्यामुळे येताना इकॉनॉमी आणि जाताना बिझनेस अशी विभागणी करणारी कुटुंबं शहाणपणाचंच करतात.

"ज्या कंपनीचे पॉइंट, त्याच कंपनीचं विमान"

हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. विमान कंपन्यांचे गट आहेत. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्याच गटात युनायटेड, एअर कॅनडा, सिंगापूर एअरलाइन्स आणि लुफ्तान्सा आहेत. अमेरिकेतल्या मुलाकडे युनायटेडचे पॉइंट असले, तरी त्यातून आई-वडिलांसाठी एअर इंडियाचं तिकीट काढता येतं. ज्यांना इंग्रजी फारसं येत नाही, ज्यांना मधल्या विमानतळावर गेट शोधताना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी विमानात हिंदी बोलणारं कुणी असणं ही लहान गोष्ट नाही. दुसऱ्या कंपनीचं मेनूकार्ड कितीही देखणं असलं तरी मी तिला अधिक मोल देईन.

भारतातल्या बँकांच्या काही कार्डांवरचे पॉइंटही वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवता येतात. मात्र इथं एक नियम पाळायचाच. बँकेतून कंपनीकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी आसन आहे का ते पाहा, तारीख पक्की करा, मग पॉइंट वळवा. उलट क्रमानं केलं की पॉइंट एका खात्यात अडकतात आणि आसन दुसऱ्याच कंपनीत दिसत राहतं.

"पॉइंट आहेत ना, मग चौघांचं एकदम काढू"

पॉइंट पुरेसे असले तरी आसनं पुरेशी असतातच असं नाही. रिकामं विमान दिसलं म्हणून त्यातली सगळी आसनं पॉइंटवर मिळत नाहीत. कंपनी त्यातली थोडीच या दरात सोडते. बिझनेस क्लासमध्ये एका विमानात एक-दोन दिसणं नेहमीचं, चार दिसणं दुर्मीळ. काही कंपन्या कोणतंही आसन पॉइंटवर देतात, पण मग मागणीप्रमाणे पॉइंट कित्येक पटींनी चढतात.

यावर कुटुंबांनी करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, विभागणी. आई एका मुलाला घेऊन एका दिवशी, वडील दुसऱ्याला घेऊन दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या मार्गानं. दुसरी, वेळ. बहुतेक कंपन्या सुमारे अकरा-बारा महिने आधी आसनं उघडतात, आणि काही उरलेली आसनं शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सोडतात. शाळकरी मुलं असलेल्या घरानं आधीची वेळ गाठावी. निवृत्त आई-वडिलांना शेवटची वेळही चालते, व्हिसा हातात असेल तर.

तिसरी गोष्ट हंगामाची, आणि इथं आपल्या भागातल्या लोकांची बाजू बळकट आहे. अमेरिकेतल्या शाळांची सुट्टी जून ते ऑगस्ट आणि नाताळ. त्या वेळी पॉइंटवरची आसनं जवळजवळ नाहीशी होतात. वेल्हे आणि भोरचं मावळ इंद्रायणी आणि आंबेमोहोर भाताचं. जुलैत लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी आणि भात घरात. म्हणजे ज्यांच्या घरी अजून शेती आहे ते आई-वडील मोकळे होतात ते साधारण जानेवारीत, आणि मेअखेरपर्यंत मोकळे असतात. नाताळची गर्दी ओसरल्यानंतरचा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ पॉइंटवरच्या आसनांसाठी बरा असतो. न्यू जर्सीत तेव्हा थंडी कडक असते हे खरं, पण मार्चमध्ये गेलं तर तीही उतरणीला लागलेली असते. बाळंतपणाची तारीख आपल्या हातात नसते. केवळ भेटीला जायचं असेल तर मात्र महिना निवडणं आपल्याच हातात आहे.

"तिकिटाचे पैसे मी भरले, म्हणजे पॉइंट माझे"

पॉइंट मिळतात ते प्रवास करणाऱ्याला. मुलानं पैसे भरले आणि आई-वडील गेले, तर पॉइंट आई-वडिलांच्या खात्यावर जातात. खातं नसेल तर ते कुणालाच मिळत नाहीत. भोरमधल्या किती ज्येष्ठांनी अमेरिकेच्या वाऱ्या केल्या आणि एकदाही क्रमांक दिला नाही, याचा विचार केला तरी हळहळ वाटते. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. दोन वर्षांवरच्या मुलांचंही अनेक कंपन्यांत उघडता येतं. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये, ब्रिटिश एअरवेज आणि एमिरेट्सकडे घरच्यांचे पॉइंट एकत्र करण्याची सोय आहे. विखुरलेले थोडे-थोडे पॉइंट तिथं कामाला येतात.

खर्चताना मात्र उलटं आहे. आपल्या खात्यातून दुसऱ्यासाठी तिकीट काढायला बहुतेक ठिकाणी मुभा असते. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या काही कंपन्या त्यासाठी आधी मोजक्या लोकांची नावं नोंदवून घेतात.

नाव हा आपल्याकडचा खास अडसर आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, तिकिटावर मधलं नाव गाळलेलं, खात्यात माहेरचं आडनाव असं झालं की पॉइंट जमा होत नाहीत. पासपोर्टवर आहे तसंच नाव खात्यात ठेवा. बोर्डिंग पास लगेच फेकू नका. राहून गेलेले पॉइंट ठरावीक मुदतीत मागता येतात आणि तेव्हा तो कागद लागतो.

"साधं तिकीट घ्यायचं आणि पॉइंटनं वर चढायचं"

सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर बहुधा ही सोय नसते. ती महागड्या भाड्याच्या तिकिटावर असते, तीही जागा असेल तर. बऱ्याचदा सरळ पॉइंटवर बिझनेसचं तिकीट घेणंच किफायतशीर ठरतं.

"साठवत राहू, पुढे कामाला येतील"

पॉइंटांवर व्याज नाही, उलट त्यांची किंमत घटते. सिंगापूर एअरलाइन्सचे पॉइंट तीन वर्षांत संपतात. युनायटेडचे मुदतीनं संपत नाहीत, पण तिकिटाला लागणारे पॉइंट वाढत जातात. अॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटांचे विमान कंपनीचे चार मैल, म्हणजे तिचे पॉइंट, मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाचे दोनच झाले. एका तारखेला साठा निम्मा. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यानं पॉइंट शिल्लक राहिले, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले ती विमानंच उरली नाहीत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली तेव्हा सभासदांचे पॉइंट तिकडे गेले. दर वेळी असं सुखरूप होईलच याची हमी कुणी देत नाही. प्रवास ठरवून पॉइंट जमवावेत आणि जमले की खर्चावेत.

किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा रोखीनं तिकीट ३,२०,००० रुपये, पॉइंटवर घेतलं तर १,२०,००० पॉइंट आणि २०,००० रुपये. फरक ३,००,००० रुपयांचा, म्हणजे पॉइंटला अडीच रुपये. पण एवढ्यावर थांबू नये. रोखीनं आपण ३,२०,००० भरलेच नसते, हे स्वतःशी कबूल करावं. आई-वडिलांना दीड लाखाच्या प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरून जाता येणार असेल, तर तुलना त्या दीड लाखाशी करायची.

आणि पॉइंटांसाठी कार्डावर उधारी करायची नाही. थकबाकीवरचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. हे व्याज तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे तोही आधार आता नाही. पूर्ण बिल दरमहा फेडणाऱ्यालाच पॉइंट लाभतात. दुसऱ्यांचे पॉइंट स्वस्तात विकतो म्हणणारे एजंटही टाळावेत. पॉइंटांची खरेदी-विक्री बहुतेक योजनांच्या नियमात बसत नाही, आणि कंपनीच्या लक्षात आलं की तिकीट रद्द होतं. म्हातारे आई-वडील मुंबईच्या काउंटरवर उभे असताना असं व्हायला नको.

"गुडघे दुखतात, म्हणजे बिझनेसच हवं"

व्हीलचेअरची मदत कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मिळते. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त तिकीट काढताना किंवा निदान दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. बिझनेसमध्ये मिळते ती सपाट झोपायची जागा, आणि सोळा तासांत तिचा उपयोग मोठा. तरी पायात रक्त गोठण्याचा धोका सतत न हलण्यामुळे येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात चार तासांवरच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट झालेला दिसला. आडवं झोपलं तरी मधून उठून चालायला हवंच.

दुखऱ्या गुडघ्यांना विमानतळापर्यंतचा रस्ताही मोजावा लागतो. भोरहून मुंबईचा विमानतळ जवळपास दोनशे किलोमीटर, पुण्याचा लोहगाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. २००८ मध्ये लुफ्तान्सानं पुणे-फ्रँकफर्ट अशी केवळ बिझनेस क्लासची सेवा सुरू केली होती. आज पुण्याहून युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. पण पुणे-दिल्ली आणि पुढचं लांबचं विमान एकाच तिकिटावर घेता येतं. पॉइंटवर तिकीट काढताना पुण्यापासून शोधून पाहावं. दोन वेगळी तिकिटं घेतली आणि पहिलं विमान लांबलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

"बाळ मांडीवर, त्याला काय लागणार?"

नातवाचं जावळ वेल्ह्याच्या मेंगाई देवीला काढायचं म्हणून परदेशातून येणारी घरं आहेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात मांडीवरच्या बाळालाही तिकीट लागतं, साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के. पालक पॉइंटवर बिझनेसनं येत असले, तर काही कंपन्या हे दहा टक्के बिझनेसच्या रोख भाड्यावर मोजतात आणि आकडा ऐकून धक्का बसतो. ब्रिटिश एअरवेज पॉइंटांचेच दहा टक्के घेते. एअरोप्लानमध्ये २५ कॅनेडियन डॉलर किंवा २,५०० पॉइंट लागतात. बाळ लहान असेपर्यंत या एका नियमावरून योजना निवडली तरी चालेल. आणि बाळाचा दुसरा वाढदिवस मुक्काम चालू असताना येत असेल, तर परतीच्या प्रवासात त्याला स्वतःचं आसन लागेल. ते आसन येण्याच्या तिकिटाबरोबरच धरून ठेवायचं.