वॉशिंग मशीन, माझा ग्राफ आणि न ऐकलेलं बेअरिंग

पेट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात विचारलं, "ताई, हायपोथिसिस तपासायचा म्हणजे नक्की काय करायचं?" मला लॅबमधलं उदाहरण आठवायच्या आधी आमच्या फ्लॅटमधलं वॉशिंग मशीन आठवलं. तिथे मी जी चूक केली, ती माझ्या थीसिसमधल्या कुठल्याही चुकीपेक्षा महाग पडली.

मशीन फ्रंट लोड, सेकंड हँड, आम्हा तिघींचं मिळून घेतलेलं. स्पिन सुरू झालं की घरघर यायची, विमान उडायच्या आधी येते तशी. मेकॅनिक दादांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, बेअरिंग चाललंय. आत्ता केलं तर बत्तीसशेत होईल." तेव्हा माझी फेलोशिप चार महिने अडकलेली होती. म्हटलं थांबा, आधी मी मोजून बघते.

फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनवलेलं. फोनमधला ॲक्सेलरोमीटर वापरून ते कंपनं मोजतं आणि त्यांचा स्पेक्ट्रमही काढून देतं. फोन मशीनवर ठेवला, स्पिन लावलं. २० हर्ट्झला ठसठशीत पीक! १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २० फेरे, त्यामुळे हे पीक ड्रमच्या फिरण्याचंच होतं. मग मशीन रिकामं फिरवलं, तर पीक एकदम लहान झालं. मी मैत्रिणींना जाहीर करून टाकलं: बेअरिंग ठीक आहे, कपडे एका बाजूला गोळा होतात इतकंच. टॉवेल एकटा टाकू नका.

असंतुलनाचं गणित खरंच आहे, ते खोटं नाही. ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर धरा. १२०० आरपीएमला कडेवरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट होतं. म्हणजे ३०० ग्रॅमचा ओला टॉवेल एका बाजूला राहिला, तर तो ड्रमला जवळपास ११५ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो, तेही दर फेऱ्याला दिशा बदलत. मशीन नाचतं ते त्यामुळे. (जमीन समतल नसेल किंवा पाय सैल असतील तर अजून नाचतं. हे आधी बघायचं, फुकटात होतं.)

पण आमची तक्रार नाचण्याची नव्हतीच. तक्रार घरघरीची होती. रिकामं मशीन फिरवलं तेव्हा पीक गेलं, घरघर तशीच राहिली. ती माझ्या कानांना ऐकू येत होती, पण ग्राफमध्ये दिसत नव्हती, म्हणून मी ती मोजलीच नाही.

ग्राफमध्ये का नव्हती? माझ्या फोनचा ॲक्सेलरोमीटर सेकंदाला २०० वेळा नोंद घेतो. नायक्विस्टचा नियम तुम्ही बी.एस्सी.ला शिकला असाल: २०० नोंदींत जास्तीत जास्त १०० हर्ट्झपर्यंतचंच धड दिसतं. आता बेअरिंग बघा. आतल्या रिंगवर खड्डा पडला, तर नऊ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये ठोके साधारण ०.६ × ९ × २०, म्हणजे १०८ हर्ट्झच्या आसपास बसतात. माझ्या खिडकीच्या बाहेर! शिवाय प्रत्येक ठोक्याने धातू घंटेसारखा वाजतो, ते तर किलोहर्ट्झमध्ये. वर आणखी गंमत अशी, की टब स्प्रिंगवर टांगलेला असतो आणि खाली शॉक ॲब्सॉर्बर असतात. त्यांचं कामच कंपन बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचू न देण्याचं. आणि मी फोन ठेवला होता पत्र्यावर. त्यापेक्षा फोनचा माइक वापरायला हवा होता. तो सेकंदाला ४४,१०० नोंदी घेतो.

सात आठवड्यांनी मशीनच्या मागे तांबूस पाण्याचा ओघळ दिसला. दादा परत आले. त्यांनी केलेला प्रयोग मी आजही मेथडॉलॉजीच्या चर्चेत सांगते. प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, बेल्ट उतरवला. एका हाताने मोटर फिरवली: गुळगुळीत. मग ड्रमची पुली फिरवली: खरखर. झालं, अर्ध्या मिनिटात दोन संशयित वेगळे. माझ्याकडे ग्राफ होता, त्यांच्याकडे कंट्रोल होता.

सील गळलं की साबणाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज चढतो. त्या गंजाचाच तो ओघळ. इतके दिवस चालवल्याने शाफ्टवर सील बसतं ती जागाही खराब झाली होती, म्हणून नुसतं बेअरिंग बदलून भागलं नसतं. बिल सहा हजार आठशे. तिघींत वाटलं, पण जास्तीचे छत्तीसशे मी एकटीने भरले. ग्राफ माझा होता ना.

तुम्हाला घरी तपासायचं असेल तर आवाज कधी येतो हे आधी लिहून काढा. ड्रम थांबलेला आणि फक्त पाणी बाहेर जाताना खडखड असेल, तर ड्रेन पंप. तिथल्या फिल्टरमध्ये नाणी, पिना, हुक सापडतात. पाणी भरायलाच वेळ लागत असेल, तर नळाकडच्या पाइपची जाळी बघा, बोअरच्या पाण्याने ती भरते. भरल्या मशीनमध्येच दणदण आणि रिकाम्यात शांत, तर असंतुलन किंवा थकलेले शॉक ॲब्सॉर्बर. रिकाम्यातही वेगाबरोबर चढत जाणारी घरघर, तर बेअरिंगवर संशय घ्या. प्लग काढून दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. टबसकट सगळं हललं तर ठीक, ते स्प्रिंगवरच असतं. ड्रम टबच्या आत वेगळा लुकलुकला तर दादांना फोन करा. आणि आधीच विचारा की टब उघडता येतो का. काही मॉडेल्समध्ये तो कायमचा जोडलेला असतो, मग अख्खा टब बदलावा लागतो आणि नवीन मशीनचा विचार करावा लागतो.

दोन गोष्टींत मात्र डेटा गोळा करत बसू नका. जळका वास आला किंवा मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर. मशीन ओलं असेल तर त्याला हात न लावता. अर्थिंग तपासून होईपर्यंत परत सुरू करायचं नाही.

एक गोष्ट मला अजून खटकते. घरघर नक्की कधी सुरू झाली हे आम्हा तिघींपैकी कोणालाच सांगता आलं नाही. ती रोज थोडी वाढली आणि आम्ही रोज थोडं सवयीचं करून घेतलं. तुलनेला बेसलाइनच नव्हती. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रिकामं स्पिन लावते, फोन त्याच स्टुलावर, मशीनपासून तीन फरशा लांब, एक मिनिट रेकॉर्डिंग. दुरुस्तीनंतरची पहिली फाइल जपून ठेवली आहे. मैत्रिणी हसतात, पण मागच्या रविवारी मी बाहेरगावी होते तर त्यांनीच रेकॉर्ड करून पाठवलं. स्टूल मात्र दुसरंच होतं.