कॅमची झीज आणि इंजिन ऑईलची निवड

झीज नेमकी कुठे होते

इंजिनातील बरेचसे फिरते भाग तेलाच्या अखंड पटलावर तरंगत असतात. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये शाफ्टच्या वेगामुळे तेल फटीत ओढले जाते आणि धातू धातूपासून दूर राहतो. तेथे तेलाची श्यानता, म्हणजे त्याचा घट्टपणा, निर्णायक असतो. कॅम आणि व्हॉल्व्हकडे त्याचा जोर पोचवणारा टॅपेट यांचा संबंध निराळा आहे. कॅमच्या लोबचे, म्हणजे फुगीर भागाचे, टोक टॅपेटच्या तोंडावर एका अरुंद रेषेत टेकते व घासत पुढे सरकते, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा भार त्या रेषेवर एकवटतो. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक लोब सेकंदाला २५ वेळा हा भार झेलतो. अशा दाबाखाली तेलाचे पटल पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवट्यांपेक्षाही पातळ होते आणि उंचवटे एकमेकांना भिडू लागतात. या अवस्थेला सीमावर्ती वंगण म्हणतात. येथे श्यानतेचा आधार तोकडा पडतो आणि तेलातील रसायनांचे काम सुरू होते.

आयडलिंगला इंजिन विश्रांती घेते, ही समजूत कॅमच्या बाबतीत चुकीची आहे. वेग वाढला की लोबच्या टोकावर टॅपेट व व्हॉल्व्ह यांच्या जडत्वामुळे स्प्रिंगचा काही भार हलका होतो, शिवाय तेलही अधिक ओढले जाते. मंद गतीत हे दोन्ही लाभ नसतात. म्हणून तासन्‌तास रांगेत उभे राहून चालू ठेवलेले इंजिन महामार्गावरील इंजिनापेक्षा कॅमला अधिक छळते.

सपाट टॅपेट आणि रोलर

सपाट म्हणून ओळखला जाणारा टॅपेट बहुधा पूर्ण सपाट नसतो. जुन्या पुशरॉड इंजिनांत त्याच्या तोंडाला डोळ्याला न दिसणारा फुगीरपणा असतो आणि लोबला किंचित उतार दिलेला असतो. त्यामुळे टॅपेट काम करता करता स्वतःभोवती फिरतो आणि झीज एकाच रेषेत साचत नाही. हे फिरणे थांबले की लोब फार लवकर जातो. रोलर असलेल्या रचनेत घासण्याची जागा लोटणे घेते. घर्षण घटते आणि तेलातील झीजरोधकाची गरजही बरीच कमी होते. आजची अनेक इंजिने रोलरवर चालतात, आणि आजची पातळ तेले प्रामुख्याने त्यांना समोर ठेवून बनवली जातात.

झेडडीडीपीचे कार्य

झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट, संक्षेपाने झेडडीडीपी, हे संयुग १९४० च्या दशकात तेलात आले. सुरुवातीचा हेतू तेलाचे ऑक्सिडीकरण आणि बेअरिंगचे क्षरण रोखणे हा होता. झीज रोखण्याचा गुण नंतर महत्त्वाचा ठरला. जेथे घर्षण व उष्णता असते तेथेच हे संयुग विघटित होते आणि धातूवर झिंक फॉस्फेटचा काचेसारखा थर चढवते. या थराची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या आसपास असते. घासताना लोखंडाऐवजी हा थर खर्ची पडतो आणि पुन्हा तयार होतो. थर घडण्याचा वेग झिजण्याच्या वेगापेक्षा कमी पडला, की लोबचे मूळ लोखंड उघडे पडते.

या संयुगाला तेलातच प्रतिस्पर्धी आहेत. इंजिन स्वच्छ ठेवणारी डिटर्जंट द्रव्येही धातूच्या त्याच पृष्ठभागाकडे ओढली जातात. त्यामुळे नुसते फॉस्फरसचे प्रमाण पाहून दोन तेलांची तुलना करता येत नाही.

फॉस्फरसवर मर्यादा का आली

इंजिनात थोडेफार तेल जळतेच. त्यातील झेडडीडीपीचा फॉस्फरस धुरासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोचतो आणि तेथील उत्प्रेरकाला हळूहळू निष्क्रिय करतो. भारतात चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक झाला. अमेरिकेतील मानकांनी फॉस्फरसची कमाल मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवली: आधी ०.१२ टक्के, मग ०.१० आणि २००४ च्या एपीआय एसएम श्रेणीपासून ०.०८ टक्के. त्याच वेळी ०.०६ टक्के ही किमान मर्यादाही घालण्यात आली. या तरतुदीतला एक तपशील सहसा निसटतो. ती कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ, इंधनबचतीच्या ग्रेडना लागू होते. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांना तशी लागू होत नाही. त्यामुळे एकाच एपीआय श्रेणीचे दोन डबे रसायनाच्या दृष्टीने बरेच वेगळे असू शकतात.

पद्मिनी: जुन्या रचनेचे उदाहरण

मुंबईच्या टॅक्सीमुळे घराघरांत ओळखीची झालेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ही फिअट ११०० ची वंशज. तिच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे आणि टॅपेट रोलरविना आहेत. आज जतन केलेल्या अशा गाड्यांसाठी आधुनिक, महागडे ५डब्ल्यू-३० हे चुकीचे लाड आहेत. त्यात फॉस्फरस मर्यादित असतो, आणि जुन्या इंजिनातील मोठ्या फटींना ते पातळही पडते. जिथे कन्व्हर्टर नाही तिथे फॉस्फरसला घाबरण्याचे कारण उरत नाही. ०.१० ते ०.१२ टक्के फॉस्फरस असलेले २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० खनिज तेल येथे योग्य ठरते. २०डब्ल्यू तेलाची थंड अवस्थेतील चाचणी उणे १५ अंश सेल्सिअसला होते. नाशिकचा कडक हिवाळाही त्याच्या जवळपास जात नाही.

पीडी डिझेल: अवघड उदाहरण

फोक्सवॅगन समूहाचे १.९ लिटर पीडी डिझेल इंजिन १९९८ मध्ये आले. भारतात ते २००५ पासून, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या स्कोडा लॉरामधून परिचित झाले. या इंजिनात मध्यवर्ती उच्चदाब पंप नाही. प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरमध्येच पंप आहे आणि तो कॅमशाफ्टच दाबतो. दाब २,००० बारच्या पुढे जातो. चार सिलिंडरांचे आठ व्हॉल्व्ह-लोब आणि चार इंजेक्टर-लोब, असे बारा लोब एकाच शाफ्टवर बसवावे लागले. इंजेक्टरच्या लोबला रुंदी हवी आणि त्याला रोलरही मिळाला. व्हॉल्व्हचे लोब मात्र अरुंद झाले आणि सपाट टॅपेटवर घासत राहिले. अरुंद लोब म्हणजे तेवढ्याच भारासाठी अधिक दाब. त्यात डिझेलच्या ज्वलनातून तेलात येणारी काजळी संरक्षक थर खरवडते. तेल बदलण्याचा अवधी लांबला की काजळी वाढत जाते आणि झेडडीडीपी घटत जाते.

झिजलेल्या पीडीत हे स्पष्ट दिसते. लोबच्या कडा प्रथम खडबडीत होतात, टोकाची उंची कमी होते, टॅपेटच्या चकचकीत तोंडावर खळगा पडतो आणि टोकाच्या अवस्थेत टॅपेटला आरपार भोक पडते. यातली फसवी गोष्ट अशी, की हायड्रॉलिक टॅपेट वाढलेली फट आपोआप भरून काढतो. आवाज येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

म्हणूनच या इंजिनासाठी व्हीडब्ल्यू ५०५ ०१ हे स्वतंत्र मानक ठरवले गेले, आणि त्यात प्रत्यक्ष पीडी इंजिनात कॅमची झीज मोजली जाते. ५०५ ०० हा आकडा जवळचा वाटला तरी तो पीडीसाठी पुरेसा नाही. पुढे आलेले ५०७ ०० चार सिलिंडरी पीडीलाही चालते. मात्र त्यात राख सोडणारी डिटर्जंट द्रव्ये कमी ठेवलेली असल्याने आम्ले शमवण्याची राखीव क्षमताही मर्यादित असते. बीएस-३ च्या डिझेलमध्ये आम्ले निर्माण करणारे गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालत असे, तेव्हा ही गोष्ट अडचणीची होती. बीएस-६ मध्ये ती मर्यादा १० पीपीएम आहे आणि ती अडचण जवळपास संपली आहे.

डब्यावरील आकड्यांचा क्रम

सर्वात आधी वाहननिर्मात्याचे मानक, मग युरोपातील एसीईए किंवा अमेरिकेतील एपीआय श्रेणी, मग श्यानता, आणि शेवटी ब्रँड. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो. 'फुल्ली सिंथेटिक' हा शब्द मूळ तेलाविषयी सांगतो, झीजरोधकाविषयी काहीच नाही. डब्यावर मानक 'मान्यताप्राप्त' असणे आणि मानकाला 'अनुरूप' असणे यांतही फरक आहे: पहिल्यात वाहननिर्मात्याची संमती असते, दुसऱ्यात तेलविक्रेत्याचा दावा. श्यानतेतही नुसत्या ग्रेडपेक्षा १५० अंशांना, वेगाने कातरले जात असताना टिकणारा घट्टपणा महत्त्वाचा. एसीईए सी३ मध्ये तो किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागतो.

मोटारसायकलींसाठी जासो एमए मानक आहे. त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवलेला असतो, आणि तेलात बुडालेला क्लच घसरणार नाही याचीही हमी असते.

वरून घातलेली पूरक द्रव्ये

झेडडीडीपीच्या बाटल्या वेगळ्या विकल्या जातात. तेलातील घटकांचा तोल कारखान्यात चाचण्या करून साधलेला असतो. त्यात अंदाजाने भर घातली की तो बिघडतो. फार जास्त फॉस्फरस लोखंडावरच रासायनिक हल्ला करून झीज वाढवू शकतो. मुळातच योग्य प्रमाणाचे तेल निवडणे अधिक सुरक्षित.

तपासणी आणि तेलाची मर्यादा

वापरलेल्या तेलाच्या प्रयोगशाळेतील विश्लेषणात लोहाचे प्रमाण पीपीएममध्ये कळते. एका आकड्यापेक्षा लागोपाठच्या तपासण्यांतील चढ अधिक बोलका असतो. मात्र ही पद्धत काही मायक्रॉनपर्यंतचेच कण पकडते. लोबचे तुकडे पडत असतील तर ते फिल्टर कापून पाहावे लागते. पुशरॉड इंजिनात एकाच व्हॉल्व्हचे टॅपेट सेटिंग पुन्हा पुन्हा ढिले होणे ही टॅपेटचे तोंड झिजल्याची खूण असते. लोबचे टोक झिजले असेल तर फटीत फरक दिसत नाही, कारण फट लोबच्या गोल पाठीवर मोजली जाते. तेथे डायल गेजने प्रत्येक लोबची उचल मोजून इतरांशी ताडावी लागते.

लोबचा कठीण केलेला पृष्ठभाग एकदा गेला की खालचा मऊ धातू कोणत्याही तेलाने वाचत नाही. नवा कॅमशाफ्ट नव्या टॅपेटसहच बसवावा लागतो, कारण जुना टॅपेट आपल्या जुन्या लोबशीच जुळलेला असतो. जुन्या पुशरॉड इंजिनांत असा कॅम बसवल्यावर लोबवर घट्ट असेम्ब्ली पेस्ट लावतात आणि इंजिन सुरू होताच ते आयडलिंगला न सोडता सुमारे २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवतात. या पहिल्या मिनिटांतच लोब आणि टॅपेट एकमेकांशी जुळतात आणि फॉस्फेटचा पहिला थर बसतो.