दुकानाचा सल्ला कारखान्याला लावताना

थोडक्यात सुरुवात करा, खर्च कमी ठेवा, स्वतः गल्ल्यावर बसा, चूक झाली तर लगेच सुधारा. धंद्याचे हे नियम आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाहीत. त्यांच्या जोरावर कित्येक घरे उभी राहिली. परंतु दुकानाचा कारखाना किंवा कंपनी झाली, की हेच नियम जसेच्या तसे चालवणारा व्यापारी अडचणीत येतो. असे का होते, ते आपण बेकरीच्या धंद्यावरून समजून घेऊ.

समजा, एका बांधवाची चार कारागिरांची भट्टी आहे. खारीत मीठ जास्त पडले, तर गिऱ्हाईक दुपारपर्यंत तक्रार घेऊन येते आणि दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त होते. नुकसान एका दिवसाच्या मालाचे. हाच बांधव पाकिटे भरून पाच जिल्ह्यांत माल पाठवू लागला, तर तीच चूक हजारो पाकिटांतून जाते. येथे ‘लगेच सुधारा’ म्हणजे काय? म्हणजे कोणत्या दिवसाचा माल कोठे गेला, याची नोंद असणे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ पाकिटावर परवान्याचा १४ आकडी क्रमांक, घटक पदार्थ आणि लॉट क्रमांक मागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण लॉट क्रमांक असेल तर बिघडलेला तेवढाच माल परत मागवता येतो. नसेल तर सगळाच परत आणावा लागतो आणि नाव जाते ते वेगळेच.

आता गल्ल्याकडे वळू. एकट्याच्या दुकानात गल्ला आणि मालकाचा खिसा एकच असतो. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारीतही धंद्याचे देणे भागीदारांच्या घरापर्यंत येते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. त्यामुळे घरात लग्न निघाले म्हणून संचालकाने कंपनीच्या खात्यातून पैसे उचलले, तर तो स्वतःचा पैसा घेत नाही, दुसऱ्याचा घेतो. पगार किंवा लाभांश या रीतसर वाटेनेच पैसा घरी आला पाहिजे. रोखीचेही तसेच. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये किंवा अधिक रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेइतका होऊ शकतो. ‘रोखीत धंदा करा’ या सल्ल्याचा मूळ अर्थ उधारीत अडकू नका, असा आहे. पैसे वेळेवर बँकेत आले तरी तो पाळला जातो.

‘माणसे कमी ठेवा’ हा सल्ला सर्वांत जास्त चुकीचा वापरला जातो. १० कामगार झाले की राज्य विमा आणि २० झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. म्हणून काही जण नऊवरच थांबतात, किंवा एकच कारखाना दोन नावांनी दाखवतात. यात बचत किती आणि धोका किती, याचा हिशोब करा. राज्य विम्यात मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. योजनेत बसणारा कारागीर भट्टीवर भाजला, तर त्याचा दवाखाना आणि बुडालेल्या मजुरीचा भत्ता योजनेतून मिळतो. विमा नसेल तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि एका अपघातात वर्षांची बचत जाऊ शकते. शिवाय त्या कारागिराच्या घरच्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक फरक. लहान दुकानाला बदल गिऱ्हाईक सांगते; नियमांत बांधलेल्या धंद्याला तो बाहेरूनही येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. नवी भट्टी बसवण्याचा खर्च कोणाच्याही वहीत आधी धरलेला नसतो. अशा वेळी ज्याच्याकडे शिल्लक असते, तोच टिकतो. तेव्हा ‘खर्च कमी ठेवा’ याचा अर्थ परवाना आणि हिशोबनीस यांवरचा खर्च टाळा, असा नव्हे. डामडौल टाळा आणि उरलेला पैसा अशा दिवसासाठी बाजूला ठेवा, असा आहे.

सारांश, जुना सल्ला टाकून देऊ नका. तो कोणत्या नुकसानीपासून वाचवण्यासाठी होता, ते शोधा आणि मोठ्या धंद्यात तेच काम कशाने होईल, ते पाहा. कामगार, उलाढाल किंवा जिल्हे वाढवण्याआधी एक दिवस काढून जाणत्या हिशोबनिसाबरोबर बसा. पुढच्या पायरीवर कोणता कायदा लागू होतो, हे आधी विचारणे स्वस्त पडते. नोटीस आल्यावर विचारणे फार महाग जाते.