आभाळातलं राखीव अंतर

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांमध्ये नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातून, खापर गावाच्या अगदी जवळून जाते. प्रत्यक्षातले हवाई मार्ग या रेघेच्या थोडे इकडेतिकडे असतात. आमच्या या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आमचा विमानांशी संबंध मान वर करण्यापुरताच. मुंबईहून सुटलेलं विमान इथवर तीनशेएक किलोमीटर कापून, तीस-पस्तीस हजार फुटांवर स्थिरावलेलं असतं. मला मात्र ओढ लागली ती त्याआधीच्या वीसेक मिनिटांची. एकाच धावपट्टीवरून पाठोपाठ सुटणारी ही धुडं एकमेकांना भिडत कशी नाहीत, हा प्रश्न वर्षानुवर्षं डोक्यात होता. मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका चौकशी अहवालाशी येऊन अडकलो.

नियम थोडक्यात सांगतो. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे सुटतात. म्हणून अवजड विमानामागून मध्यम आकाराचं विमान सोडायचं तर दोन मिनिटं थांबायचं, पुढे ए-380 असेल तर तीन. भोवऱ्यांची अडचण नसेल आणि दोघांचे मार्ग उडताच 45 अंशांनी फाकणार असतील, तर एक मिनिट पुरतं. पुढे रडारच्या नजरेत, विमानतळाच्या परिसरात, साधारण तीन नॉटिकल मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर ठेवायचं. ते जमत नसेल तर उंचीत हजार फुटांचा फरक ठेवायचा. दोन्हीपैकी एक तरी शाबूत हवंच.

मुंबईत हे अंतर राखणं फार कठीण. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. त्या एकीवर गर्दीच्या तासात 46 विमानांची ये-जा व्हायची, म्हणजे सरासरी दर 78 सेकंदांना एक. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मधल्या फटीत उडणारं एक विमान बसवायचं, असा हा दिवसभराचा खेळ. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने हा आकडा 44 वर आणला. विमानं उतरण्यासाठी चाळीस-चाळीस मिनिटं घिरट्या घालत होती, हे त्यामागचं कारण.

फट हुकली की काय होतं, याचे दोन दाखले मुंबईचेच आहेत. 9 फेब्रुवारी 2009 रोजी दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणासाठी धावत सुटलं असताना त्याच पट्टीवर हेलिकॉप्टर आलं. आपल्या खानदेशच्या प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या आणि हेलिकॉप्टर त्यांच्याच ताफ्यातलं होतं. वैमानिकाने उड्डाण सोडून ब्रेक मारले म्हणून निभावलं. दुसरा दाखला 8 जून 2024 चा. इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान धावपट्टी 27 वर टेकलं, तेव्हा तिरुवनंतपुरमला निघालेलं एअर इंडियाचं विमान त्याच पट्टीवरून उठत होतं. विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने चौकशी लावली आणि हवाई वाहतूक नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं. नियंत्रकांच्या संघटनेने त्याची बाजू घेतली: या पट्टीवर वर्दळ प्रचंड, आणि दृश्यता चांगली असेल तर कमी अंतराने काम करायला नियमच मुभा देतात. हा वाद वाचताना माझं मन नियंत्रकाकडे झुकलं. ते का, ते त्या अहवालात आहे.

12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून सौदी अरेबियाचं बोइंग 747 संध्याकाळी उडालं, 312 माणसं घेऊन. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-76 दिल्लीत उतरायला येत होतं, त्यात 37 जण. बोइंगला 14,000 फुटांवर थांबून पुढच्या परवानगीची वाट पाहायला सांगितलं होतं. इल्युशिनला 15,000 फुटांपर्यंतच उतरायची मुभा होती. मध्ये नियमातले हजार फूट. हरयाणात चरखी दादरीवर दोन्ही विमानं एकमेकांना धडकली. 349 जणांपैकी कुणीही वाचलं नाही. आभाळात झालेल्या टकरींमध्ये इतके बळी आजवर दुसरीत गेलेले नाहीत.

चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे होती. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. कझाक बाजूचं म्हणणं, ढगातल्या झोतांनी विमान खाली ओढलं. आयोगाने ते मानलं नाही. विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं, हा दोष त्याने कझाक चालकदलावर ठेवला. निष्कर्ष एवढाच असता तर मी अहवाल मिटून ठेवला असता. मला धरून ठेवलं ते कॉकपिटातल्या एका माणसाने.

येगोर रेप हा इल्युशिनचा रेडिओ ऑपरेटर. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलायचं काम त्याचं. त्याच्या जागेवर उंची दाखवणारं यंत्र नव्हतं. ती पाहायची तर वैमानिकांच्या खांद्यांवरून डोकवावं लागे. म्हणजे 15,000 चा आकडा ज्याने कानांनी ऐकला, त्याच्या डोळ्यांपुढे काटा नव्हता, आणि काटा ज्यांच्यापुढे होता त्यांचं इंग्रजी तोकडं होतं. समोरच्या बोइंगची उंची नियंत्रकाने सावध करण्यासाठी सांगितली, तोवर विमान घसरत राहिलं होतं. शेवटच्या क्षणांत रेपच्या ध्यानात आलं की आपण फार खाली आलोत. तो वर चढायला सांगू लागला. कॅप्टनने जोर दिला, विमान किंचित चढलं आणि त्याची शेपटी बोइंगच्या डाव्या पंखाला लागली. ते चढलं नसतं तर बहुधा खालून निसटलं असतं.

नियंत्रकाच्या हातात काय होतं? त्याच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. पायलट सांगेल ती उंची खरी मानायची. त्यात दिल्लीच्या आसपासचा मोठा हवाई पट्टा हवाई दलाकडे, म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट. आमच्याकडच्या चांदसैली घाटात समोरून गाडी आली तर एकाला कडेला घेता येतं. आभाळात दोघांमध्ये उंचीचे हजार फूट तेवढे असतात, आणि ते एका माणसाच्या शब्दावर उभे होते.

टकरीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारं रडार कामाला लावलं, आणि टक्कर टाळणारी टीकास यंत्रणा विमानांना सक्तीची झाली. हे सगळं आधी करता येण्याजोगं होतं. म्हणून माझं ठाम मत आहे: अंतर मोडलं की शेवटचा शब्द बोललेल्या माणसाकडे बोट दाखवून भागत नाही, त्याच्या हाती वाट किती दिली आणि आकडा किती ठरवला, हे आधी विचारलं पाहिजे.

हा प्रश्न आज आपल्या दारात आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मुंबईच्या विमानतळापासून त्याचं हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. शेजारी जुहूहून समुद्राकडे हेलिकॉप्टरं सुटतात, आणि पुण्याच्या लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. दोन विमानतळांच्या वाटा एकमेकींत न अडकता आखायच्या तर लष्करी हवाई पट्ट्याचा प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. तासाला किती विमानं सोडायची, हा आकडा ठरवताना विमान कंपन्यांच्या वेळापत्रकाआधी त्या टॉवरमध्ये बसणाऱ्या माणसांना विचारा. त्यांनी कमी सांगितला तर कमी ठेवा. उशिराचा त्रास प्रवासी सोसतील; चरखी दादरीच्या शेतांनी जे पाहिलं ते कोणी सोसू शकत नाही.